पिवळं टोपडं

सासऱ्यांनी एकदाच सांगितलं होतं, तेही तिच्याकडे न बघता, बाळाकडे बघत. "पोर देताना दोर दिल्यासारखं द्यावं. पलीकडचा 'धरला' म्हणत नाही तोवर आपला हात सोडायचा नाही."

सासरे जन्मभर नदीवर होडी चालवत आलेले. त्यांना सगळं जग दोरासारखंच दिसतं, असं मनाशी म्हणून धाकट्या सुनेने ते कानाआड केलं. शिवाय तिला त्यात टोमणा वाटला.

हल्ली तिला सगळ्यातच टोमणा वाटायचा. बाळ दिवसभर तिच्या कडेवर किरकिरायचं, आणि मोठ्या जावेने नुसते हात पुढे केले की खुदकन हसायचं. मोठीला मूलबाळ नव्हतं. तिची कीव करावी, तर कीव करायला ती जागाच ठेवायची नाही. हाताला चव तिच्या, शिवणकाम तिचं, आणि सुट्टीच्या दिवशी नदीवर सजवलेल्या होड्या निघायच्या त्यात पहिला नंबरही दरवर्षी तिचाच.

यंदा मोठीने होडीचा पाळणा केला होता. पाळण्यात बसवायला बाळ दे म्हणून तिने दोनदा विचारलं. धाकटीने दोन्ही वेळा ऊन, वारा, पाणी अशी कारणं दिली. खरं कारण सासूबाईंनी ओळखलं असावं.

"तिच्या मांडीवर बसून झिजणार आहे का तो?" एवढंच त्या म्हणाल्या.

त्या दुपारी घरची माणसं काठावर जागा धरायला पुढे गेली. नदीकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये या दोघीच उरल्या. बाळ उरलेल्या कापडांच्या ढिगावर गाढ झोपलं होतं. उकडतं म्हणून त्याचं टोपडं काढून बाजूला ठेवलेलं. मोठी शेवटचे टाके घालत होती. धाकटी दूध आणायला घरी निघाली. जाताना 'जरा लक्ष ठेवा' म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण तेवढंसुद्धा हिच्याकडे मागायचं तिच्या जिवावर आलं.

ती परतली तेव्हा होड्या सुटायचा भोंगा होऊन गेला होता. होड्या पाण्यात उतरल्या होत्या. मोठे दीर वल्ही मारत होते, आणि पाळण्यात मोठी बसली होती. मांडीवर बाळ. डोक्याला पिवळं टोपडं, धाकटीने दिवस गेलेले असताना स्वतः विणलेलं.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. आत न डोकावताच ती शेडच्या उंबऱ्यातून मागे फिरली. दार ओढलं, कुलूप घातलं, किल्ली मुठीत आवळली. मोठीच्या चपला, पर्स, जेवणाचा डबा, सगळं आत होतं. येऊ दे किल्ली मागायला. न विचारता नेलंय ना? मग मागताना कसं वाटतं तेही कळू दे.

होड्या संथपणे पुढे सरकत होत्या. बँडने कानठळ्या बसत होत्या, पण मोठीच्या मांडीवर हूं नाही की चूं नाही. आपल्याकडे असता तर आकाशपाताळ एक केलं असतं, धाकटीच्या मनात आलं. मोठी त्याच्या तोंडावर पदर धरत होती, मधूनच त्याचा इवलासा हात लोकांकडे हलवत होती. शेजारची एक बाई कौतुकाने म्हणाली, "किती गुणी लेकरू! आईवर गेलंय."

धाकटीच्या हातातल्या बाटलीतलं दूध निवून गेलं.

मागून फुगेवाली आली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या शेडमध्ये मांजर कोंडलंय वाटतं. केविलवाणं ओरडतंय."

"असू दे," नदीवरची नजर न काढता धाकटी म्हणाली. "मालकीणबाई येतील तेव्हा उघडू."

नदीत पुरी फेरी मारून होड्या काठाला लागल्या. पहिला नंबर पाळण्याचाच. लोकांनी मोठीला गराडा घातला. त्यातून वाट काढत धाकटी पुढे झाली. एक शब्द बोलायचा नाही, नुसते हात पुढे करायचे, असं तिने ठरवलं होतं. तिने हात पुढे केले.

मोठीने हसत बाळाला एका पायाला धरून उचललं आणि तिच्याकडे भिरकावलं.

"कापूस भरलाय गं. तू नाही म्हणालीस, मग काय करणार? टोपडं तेवढं न विचारता घेतलं, रागावू नकोस." चपला शोधल्यासारखं तिने शेडकडे बघितलं. "उठला का आमचा राजा? तू वाटेच्या वळणावर येताना दिसलीस, म्हणून पाय न वाजवता निघाले."

बँड नुकताच थांबला होता. फुग्यांचे दोरे आवरता आवरता फुगेवाली सांगत होती की ते मांजरही मघापासून गप्प झालंय.

आणि तुमचं लेकरू? ते आत्ता ज्याच्यापाशी आहे असं तुम्ही समजताय, तो 'धरला' म्हणाला होता का? हे वाचायचं राहू द्या, आधी उठून बघून या.