तिच्या तोंडचं वाक्य

तिसरी घंटा झाली तेव्हा ताई डाव्या विंगेत स्टुलावर बसून सूड घ्यायच्या तयारीत होती. तयारी फारशी नव्हती. संहिता मांडीवर, छोटा दिवा संहितेवर आणि घसा साफ.

"आज तिच्याच तोंडून वदवते, रंगकाका," ती म्हणाली. "भरल्या थिएटरात. माझ्या चहात गोळ्या कुणी घातल्या ते."

रंगकाका म्हणजे कंपनीचे मेकअपवाले. पावडरीचा पफ झटकत ते म्हणाले, "गेल्या आठवड्यात कॉफी होती, ताई."

"चहाच. कॉफीला मी शिवतसुद्धा नाही," ताई म्हणाली आणि हातातली कॉफी संपवून तिनं कप खाली ठेवला.

रंगकाकांनी विषय वाढवला नाही. लोकांच्या चेहऱ्यांची डागडुजी करून करून माणूस शहाणा होतो.

रंगमंचावर नायिका म्हणून ताईची धाकटी बहीण होती. कंपनीत तिला सगळे छोटी म्हणत. ही भूमिका मुळात ताईची. पण पहिल्याच प्रयोगाला ताई आरशासमोरून उठली नाही. त्या दिवशी छोटी ऐनवेळी उभी राहिली ती अजून उभी होती, आणि ताई बसली ती बसलेलीच. प्रॉम्प्टिंगला. घरचंच माणूस आहे, नीट सांभाळून घेईल, असं कंपनीचं म्हणणं पडलं.

सांभाळण्याची गरज होतीच. छोटी पाठांतराच्या भानगडीत पडत नसे. विंगेतून येईल ते बोलायचं, असा तिचा साधा हिशेब. टाकीत असेल तेच नळाला. मागं एकदा ताई पडदेवाल्याला "अरे, तो पंखा बंद कर" म्हणाली, तर छोटीनं नवऱ्याच्या प्रेताशेजारी रडता रडता तेच म्हटलं. प्रेक्षकांनी रुमाल काढले. एका समीक्षकाला तर त्यात स्त्रीचं एकटेपण दिसलं.

तिसऱ्या अंकात इन्स्पेक्टर विचारतो, "बाई, त्या दिवशी नक्की काय केलंत?" नाटक रहस्याचं असल्यामुळे उत्तर लांबलचक होतं आणि छोटीला त्यातलं अक्षर येत नव्हतं. ती डाव्या खांबाला टेकली, पदराबिदराची सोय नसल्यानं बाहीनं डोळे टिपले आणि कान विंगेकडे दिला.

ताईनं संहिता मिटली.

"थोरल्या बहिणीच्या चहात झोपेच्या गोळ्या मीच घातल्या."

"थोरल्या बहिणीच्या चहात," छोटी हुंदका देत म्हणाली, "झोपेच्या गोळ्या मीच घातल्या."

"तिची जागा बळकावायला."

"तिची जागा..."

छोटी थांबली. तिनं हळूच मान वळवली. विंगेतल्या उजेडात ताई हसत होती. बऱ्याच दिवसांनी घातलेल्या बुटांसारखं ते हसू तिला जरा घट्ट होत होतं.

इन्स्पेक्टर पेचात पडला. नाटकातली नायिका एकुलती एक होती. पण नट जुना. त्यानं टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाला, "बरं. मग?"

आता बोल, भवाने, ताई मनातल्या मनात म्हणाली. तोंडानं म्हणायची सोय नव्हती.

छोटी बोलली. विंगेतून काही आलेलं नसताना ती बोलली, हे कंपनीच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं.

"गोळ्याबिळ्या काही नव्हत्या, साहेब. ती आरशासमोर रंगून तयार बसली होती. म्हणाली, मला बाहेर जाता येत नाही, तू लोकांना काहीतरी सांग. मी सांगितलं, गोळी जास्त झाली, तिला झोप लागलीय. चारचौघांत तिचं हसं नको, म्हणून. पुढं तीच म्हणायला लागली की गोळी मी घातली. मी म्हटलं, म्हणू दे. तेवढ्यावर ती जगत असेल तर माझं काय जातंय?"



"आणखी काय म्हणाली ती?" इन्स्पेक्टरनं विचारलं. आपण नाटकात आहोत हे तो बहुतेक विसरला होता.

"म्हणाली, छोटे, माझे पायच उचलत नाहीत."

"मला पहिलं वाक्य आठवत नाही."

हे विंगेतून आलं. नटाचं वाक्य चुकलं की दुरुस्त करायचं, त्यात विचार करायचा नसतो. ताईनंही केला नाही. आवाज असा लागला की मागच्या रांगेनंही माना वळवल्या.

छोटीनं डोळे मिटले. "हो," ती म्हणाली. "म्हणाली, छोटे, मला पहिलं वाक्य आठवत नाही."

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. पडदेवाल्यानं घाबरून पडदा पाडला. त्याच्या पाठोपाठ दिग्दर्शक धापा टाकत विंगेत शिरला. आपल्या नाटकात काय चाललंय हे त्याला कळलं नव्हतं, पण ते चांगलं चाललंय एवढं कळलं होतं.

"ताई, हे रोज ठेवायचं! ते शेवटचं तर काय वाक्य आहे हो! पहिलं वाक्य आठवत नाही! कुणाचं आहे?"

रंगकाका पफ हातात धरून ताईकडे पाहत राहिले.

ताईचे डोळे भरून आले होते. आवाज मात्र करवतीसारखा निघाला.

"माझं," ती म्हणाली. "माझं वाक्य आहे ते. तेही घेतलं तिनं."