पिवळं तेल

“राहू द्या अण्णा, हात लावू नका. संध्याकाळी आल्यावर मी बघतो.”

जिना उतरता उतरता मुलगा म्हणाला होता. आठ महिने झाले, तो आवाज घरातून गेला नाही. नळ सोडला की येई, दार लोटलं की येई.

आज गॅलरीत वर्तमानपत्रं अंथरून त्याची सायकल उभी केली होती. जाड टायरांची, तेलाच्या ब्रेकची, डोंगरात चालवायची. हँडलवर पडल्याचे ओरखडे तसेच. सून मागच्या चाकाशी उकिडवी बसून ब्रेकच्या तेल सोडायच्या निपलला सिरिंजची नळी लावत होती. इस्पितळातली नर्स ती. सिरिंज तिच्या हातात सहाव्या बोटासारखी. अण्णा स्टुलावर, हँडलवरची ब्रेकची लिव्हर धरून. लिव्हरच्या डोक्यावर छोटी वाटी बसवली होती आणि तीत नवं तेल, डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल. तीस वर्षं अण्णांनी गॅरेजात मोटारींच्या ब्रेकच्या तेलातली हवा काढली होती. हे काम त्यांना डोळे मिटून आलं असतं. तरी बोटं गार पडली होती.

“दाबा, अण्णा.”

त्यांनी दाबलं.

“धरा.” तिने पाना जरासा फिरवला. नळीत फसकन हवा आली, मागोमाग तेल. तिने पाना आवळला. “हं, सोडा.”

दाबा, धरा, सोडा. दाबा, धरा, सोडा. दळणासारखी लय लागली. नळीत अडलेल्या बुडबुड्याला ती नखाने टिचकी मारी, की तो पुढे सरके.

“हे पिवळं कसं हो? वाटीतलं तर लाल आहे.”

“जुनं झालं की होतं तसं,” अण्णा म्हणाले.

तिने मान डोलावली. ब्रेकच्या बाबतीत या घरात अण्णांचा शब्द शेवटचा.

“सोमवारपासून ड्यूटीला हिच्यावरच जाणार. पाण्याच्या टाकीच्या उतारावरून पाच मिनिटं. त्या बसची वाट बघून बघून पायांचे तुकडे पडले माझ्या.”

“त्याच उतारावरून?”

“उताराने काय घोडं मारलंय? मी काही तुमच्या मुलासारखी नाही. त्याला जेवतानासुद्धा उतार लागलेला असायचा. दोन घास, की उठलाच. ब्रेक कशाला असतात ते जन्मात कळलं नाही त्याला. मागे घरात कुणीतरी आहे, एवढं आठवून एकदा तरी दाबला असता...” पुढचं तिने गिळलं आणि पाना नको इतका आवळला.

भेटायला आलेल्या प्रत्येकाला तिने हेच सांगितलं होतं, आणि अण्णांनी शेजारी बसून प्रत्येक वेळी मान हलवली होती. मुलाचा फोटो कपाटात होता, उशांच्या अभ्र्यांखाली, पालथा. ती अजून रडली नव्हती. गेलेल्या माणसावरच्या रागाला धरून ती उभी आहे, तो काढून घेतला तर पडेल, असं अण्णा मनाला सांगत आले होते. मन रोज ऐकून घेत होतं.

मागचा झाला, पुढचा झाला. दोन्ही नळ्यांतून शेवटी लाल धार आली. तिने कापडाला हात पुसले, दोन्ही लिव्हर दाबून पाहिल्या आणि हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

“बघा, अण्णा! दगड लागतोय, दगड.”

त्या संध्याकाळी मुलगाही हेच म्हणाला होता. “नको म्हटलं तरी केलंतच ना? पण झक्क. दगड लागतोय.” दोन दिवस तो दगड टिकला. तिसऱ्या दिवशी टाकीचा उतार आला.

सुनेने हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवला. “एक चक्कर मारून येते.” सायकल दाराकडे वळवली, पण ती पुढे जाईना. मागचं चाक अण्णांनी दोन्ही हातांनी धरलं होतं.

“सोडा ना.”

अण्णांनी सोडलं नाही.

“अहो, सोडा. काय लहान मुलासारखं!”

“ब्रेकच्या आतली रबरं फुगलीत. आज धरतील. परवा धरायची नाहीत.”

“न उघडता कळलं तुम्हाला?”

एक हात चाकावर ठेवूनच अण्णांनी पायाने हत्यारांची पेटी ओढली. तळातून एक डबा काढून वर्तमानपत्रावर ठेवला. मोटारीच्या ब्रेक ऑईलचा. अर्धा. झाकणाच्या कडेने ओघळ वाळला होता, पिवळा. तिने डब्याकडे पाहिलं. मग शेजारी पडलेल्या सिरिंजकडे.

“त्याने नको म्हटलं होतं. म्हटलं, दमून येईल पोरगं, करून ठेवू. ब्रेकचं तेल ते ब्रेकचं तेल, सायकलला काय वेगळं असणार? मी भरलं. नंतर सायकलवाल्याने सांगितलं, ह्या सायकलच्या रबरांना मोटारीचं तेल चालत नाही, ती फुगतात.”

हेल्मेट डोक्यावर तसंच होतं.

अण्णांनी चाक सोडलं.

“त्याने दाबला होता गं ब्रेक. सायकल घरी आली तेव्हा दोन्ही लिव्हर हँडलला चिकटलेल्या होत्या. तू बघायच्या आत मी ओढून सरळ केल्या.”