ठसका

दुपारी ललित दारू पिऊन आतल्या खोलीत आडवा झाला, तशी त्याची बायको रुपा चपला हातात घेऊन ओसरीत आली. पिशवीत दोन साड्या, मनगटावर कालचा वळ. तो जागा झाला तर आज वळावर भागणार नव्हतं.

ओसरीत खाटेवर सासू, भिकुबाई, पडली होती. म्हातारीची नजर गेली होती, पण सून तिला बरोबर कळायची. रुपा नंदुरबारच्या पथारीवर, मिरची सुकवायच्या उघड्या माळावर, वाळत्या मिरच्या चाळायला जाई आणि साडीत तिखट भरूनच घरी येई. ती जवळून गेली, की म्हातारीला ठसका लागलाच. आत पडल्या पडल्या ललितलाही तेवढ्यावरून कळे, बायको घरात आहे.

रुपाने त्या ठसक्याची भारी धास्ती घेतली होती. म्हणून आज ती कामावर गेलीच नाही. डोक्यावरून न्हाली, पेटीतली कोरी साडी नेसली. कामाची साडी खुंटीवर तशीच राहू दिली.

ती खाटेजवळून पुढे गेली. म्हातारी खोकली नाही.

"रुपा..."

रुपा जागीच थबकली.

"तुन्हा आंगले आज मिरचीना वास नही," भिकुबाई अगदी हळू म्हणाली. "पहिलीबी अशीच न्हाई-धुई निंघनी व्हती. मीच बोंब मारी याले उठाडं."

भिंतीवर ललितच्या पहिल्या बायकोचा फोटो होता, हार घातलेला. रुपा या घरात आल्यापासून त्याच्याकडे मान वर करून पाहत नसे. आज पाहिलं.

"एस्टी येवानी येळ व्हयनी. जाय."

रुपा पाया पडायला वाकली. भिकुबाईने पाय आखडून घेतले.

अंगणाचं फाटक सावकाश लागलं. थोड्या वेळाने आत पलंग करकरला.

"रुपा!" ललितची हाक आली.

भिकुबाई धडपडत उठली. भिंत चाचपत खुंटीपर्यंत गेली, रुपाची कामाची साडी ओढली आणि तोंडावर दाबून खोल श्वास घेतला. ठसका असा लागला, की ती भिंतीला धरून खालीच बसली.

"रुपा, मायले पानी दे ना व!"

"दी ऱ्हायनी ती. झोप तू," भिकुबाई म्हणाली आणि पुन्हा साडीत तोंड खुपसलं.