पाइपच्या पोटात

शिकागोच्या उपनगरात क्षारांनी जड झालेल्या पाण्याविरुद्ध व्हर्नाबाई वीस वर्षे लढल्या होत्या. क्षार काढून पाणी मऊ करण्याचा त्यांचा ठराव नगरसमिती त्याच सायंकाळी विद्वत्तापूर्ण एकमताने संमत करणार होती. दुपारी प्लंबर काझिकने अंगण खणून त्यांच्या घराचा गळका पाइप कापला. तुकडा हाती दिला. “बाई, हा तर शिशाचा!” त्या हादरल्या. “अरे, हेच पाणी पिऊन माझी पोरं वाढली!” “आत बघा की. ज्यांना जन्मभर शिव्या घातल्यात, त्याच क्षारांनी शिशाचं विष झाकलंय.” पाइपच्या पोटात शंखासारखा शुभ्र, अखंड थर होता, थेंबाथेंबाने, कोणत्याही ठरावावाचून चढलेला. समितीच्या तीनशेपानी अहवालासाठी एकही पाइप कापून पाहिलेला नव्हता. “मऊ पाण्यानं थर विरघळेल?” “हळूहळू. गावभर असेच पाइप आहेत.” वेदीला स्पर्शावे तसे त्यांनी थरावर बोट टेकवले. “चल सभेला. आज माझ्याविरुद्धच बोलायचंय.”