कारणाचा रकाना

खातं बंद करायचं काम फक्त तीन नंबरच्या खिडकीवर व्हायचं आणि त्या खिडकीत लेकीची आईच बसायची. त्याला कोणाचाच इलाज नव्हता. आदल्या दिवशी घरी ठरलं होतं, की बँकेत एकमेकींना ओळख दाखवायची नाही. आईने एवढंच बजावलं होतं, की फॉर्म नीट भरून आणा, तुमच्या वयाची मुलं जगाचं सगळं लिहितात आणि सही विसरतात.

सकाळी साडेदहाला कॉलेजची त्रेसष्ट मुलं रांगेत उभी राहिली. बँक कोळशाच्या नव्या खाणीला कर्ज देणार होती. ते थांबवलं नाही तर आम्ही खाती बंद करू, असं त्यांनी तीन पत्रं पाठवून कळवलं होतं. एकाही पत्राला उत्तर आलं नव्हतं. आता हातात पाट्या होत्या. शाखेचे साहेब केबिनबाहेर आले, पाट्या वाचल्यासारखं केलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बँकेचं धोरण काही साहेब ठरवत नव्हते. ते स्वतःच्या चहाची वेळसुद्धा ठरवत नव्हते.

रांगेत पहिली लेकच होती. तिने फॉर्म काचेखालून सरकवला.

"बोला ताई," आई म्हणाली. चेहरा अगदी कोरा.

"खातं बंद करायचंय, मॅडम. कारण लिहिलंय."

मागे उभा असलेला वकील फिसकन हसला. हा शिकायचा भौतिकशास्त्र, पण वादात कोणाला ऐकायचा नाही म्हणून वकील. या दोघींचं नातं रांगेत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

आईने कारण वाचलं. तीन ओळी होत्या. धूर, खाण, पुढची पिढी, सगळं आलं होतं. तिने स्क्रीन जराशी वळवून दाखवली. कारण लिहायची सोय कम्प्युटरात नव्हती, यादीतून निवडायचं होतं. गाव बदललं. दुसऱ्या बँकेत खातं. व्याज कमी. खातेदाराचा मृत्यू. इतर. आणि शेवटी, कर्मचाऱ्याच्या सेवेविषयी तक्रार.

कोळसा कुठेच नव्हता.

लेक म्हणाली, 'इतर' टाका. आईने सांगितलं, की टाकते, पण 'इतर'चं कारण कोणी बघत नाही. महिनाअखेरीला वर नुसता आकडा जातो. हे ऐकून लेकीचं डोकंच फिरलं. महिनाभर वसतिगृहाचे जिने चढून-उतरून तिने एकेकाला पटवलं होतं. कित्येकांची खाती वडिलांनी उघडून दिलेली, ती बंद करायला घरी भांडणं झाली होती. त्याचा काय नुसता आकडा?

"मुख्य कार्यालयात शब्दन् शब्द पोचला पाहिजे, मॅडम," ती म्हणाली. "पोचेल असं काहीतरी निवडा. ते तुमचं काम आहे."

शेवटचं वाक्य जरा जोरातच गेलं. रांगेने टाळ्या वाजवल्या.

आईने माउस यादीवर वरखाली फिरवला. मग तिने यादीतला शेवटचा पर्याय निवडला. तक्रार थेट वर जायची आणि तिच्याखाली मजकुराची चौकटही उघडायची. आईने तिन्ही ओळी टाइप केल्या, जाता जाता लेकीची एक शुद्धलेखनाची चूक सुधारली आणि पुढच्याला बोलावलं. ती जेवायलाही उठली नाही. त्रेसष्टावा फॉर्म संपला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. बाहेर पडताना वकील म्हणाला, "तुझी आई आपल्यातलीच निघाली." लेकीला फार अभिमान वाटला. तिने वळून पाहिलं, तर आई बोटं चोळत बसली होती.

सतराव्या दिवशी दुपारी त्रेसष्ट मोबाइल एकदम वाजले. 'आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली आहे.' एवढ्यावरच ग्रुपवर जल्लोष सुरू झाला. वकिलाने लिहिलं, वाकवलं की नाही बँकेला! लेकही पहिली ओळ वाचूनच घरी धावत सुटली.

आई भरदुपारी घरी होती. पलंगावर बॅग उघडी होती आणि ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"पुढचं वाच," ती म्हणाली.

'संबंधित कर्मचाऱ्याची बदली करण्यात आली आहे. आपण समाधानी आहात का? होय / नाही.'

 आईने घड्या घालणं न थांबवता सांगितलं, की तक्रार टाकली की खिडकीवरच्या माणसाचा कर्मचारी नंबर तिच्यावर आपोआप चढतो. एका दिवसात त्रेसष्ट तक्रारी बँकेत आजवर कोणाच्याच नावावर नव्हत्या. खाणीचं कर्ज मागच्याच आठवड्यात मंजूर झालं होतं. खाणीच्या गावात नवी शाखा निघाली होती आणि कामगारांचे पगार करायला तिथे अनुभवी माणूस हवंच होतं. पेन्शनला चार वर्षं राहिली होती, ती तिथे काढायची.

"तुला माहीत होतं?"

"नंबर चढतो ते माहीत होतं. वाटलं, खाली लिहिलेलं कोणीतरी वाचेल." आईने बॅगेची चेन ओढून पाहिली. "बावीस वर्षं झाली तिथे, तरी वाटलं."

लेकीला रडू फुटलं. ती म्हणाली, की मी 'नाही' दाबते, सगळ्यांना 'नाही' दाबायला लावते.

"नको गं. 'नाही' दाबलं की तक्रार परत उघडते. माझ्याच नंबरवर."

लेकीने डोळे पुसले आणि ग्रुप उघडला. तिथे अजून अभिनंदनं चालली होती. तिने लिहिलं, सगळ्यांनी 'होय' दाबा.

सगळ्यांनी दाबलं. कारण कोणीच विचारलं नाही.