दगाचा चेहरा

"सांगा ना बाई लवकर! नाक कसंय?" मास्तर ओरडलेच.

शहाद्याच्या शाळेतले हे ड्रॉइंग मास्तर प्रकाशा गावच्या जत्रेत देवळं रेखाटायला आलेले. कागद-कोळसा जवळ होता, म्हणून हवालदाराने त्यांनाच घाटावर बसवलं. धनुबाईचं चार वर्षांचं पोर, दगा, सकाळपासून हरवलं होतं. जत्रा दोन्ही काठांवर होती; तापीपलीकडे जाणारी शेवटची नाव सुटायला आली होती आणि शोधासाठी चित्र तिच्यातून जायचं होतं.

"नाक नकटं," धनुबाई म्हणाली. "डोया बारीक. गाल बसेल. दखाले काहीच नई."

मास्तरांनी तसंच काढलं: नकटं नाक, बारीक डोळे, बसलेले गाल. तिच्या नवऱ्याने, गिरधरने, वाकून बघितलं आणि तो भडकला.

"हाऊ कोन शे? हाऊ मन्हा दगा नई!"

"मग तुम्ही सांगा."

वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं पोर कडेवर घ्यायची गिरधरच्या घरी रीत नव्हती. धड न्याहाळलं होतं कुठे त्याने? "त्याले... दोन डोया शेतस," तो म्हणाला आणि मेल्याहून मेला झाला.

नावाड्याने हाक दिली. मास्तर वैतागले. "अहो बाई, इतकं कुरूप असतं का कुठं पोर? गोडच असेल की!"

"नका बोलू!" धनुबाईने कानांवर हात ठेवले. "आधीना दोन असाच ग्यात. जो तो म्हने, किती गोड, किती गोड..."

पोराचं नाव दगा, म्हणजे दगड, का ठेवलं ते मास्तरांना आत्ता कळलं. त्यांनी कागद उलटा केला.

"बाई, त्याला कुणी ओळखायला तर हवं ना?"

धनुबाईने पदर दातांत धरला. मग डोळे गच्च मिटून एका दमात बोलली, "नाक सरळ शे. मोठा मोठा डोया, पापन्या लांब. हासना का डावा गालवर खड्डा पडस. मन्हा दगासारखं रूप आख्खा गावमा नई!"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

मास्तर बोटाने कोळसा हलकेच पसरवत गेले. गाल भरले, पापण्या उमटल्या. गिरधरला हुंदका फुटला. "हाऊच शे."

हवालदाराने कागद उचलला, तशी धनुबाई आडवी आली. मास्तरांच्या हातातला कोळसा ओढून तिने चित्रातल्या उजव्या गालावर ठसठशीत काळा ठिपका दिला.

"अहो, बिघडवलंत ना! लोकांना वाटेल पोराला तीळ आहे."

"वाटू द्या," ती म्हणाली. "आते सारी जत्रा त्याले दखी."