इंग्लंड, फ्रान्स आणि नताशा

"डॅडी, तू इंग्लंड. ममा फ्रान्स. मी अमेरिका." नताशाने जेवणाच्या टेबलापाशी तिघांच्या जागा ठरवून टाकल्या.

"पुन्हा मीच इंग्लंड?" एडविन कुरकुरला.

"नेव्ही तुझ्याकडे आहे ना, म्हणून."

२००४ साली दोह्याच्या फरीज बिन ओमरान भागातल्या त्या फ्लॅटमध्ये हे रोज संध्याकाळी चालायचं. नताशा दहावीत होती. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी तिने विषय घेतला होता, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या अमेरिकेचं परराष्ट्र धोरण. इंग्लंड आणि फ्रान्स एकमेकांच्या जिवावर उठलेले, दोघांनाही हा नवा देश आपल्याच बाजूला हवा, आणि या देशाकडे धड आरमारसुद्धा नाही.

एडविन आणि तेरेसाला ही परिस्थिती समजावून सांगायची गरज नव्हती. तेरेसाने हॉस्पिटलच्या नोकरीचा राजीनामा दिला होता. ती नताशाला घेऊन कायमची वसईला जाणार होती. एडविन काही दोहा सोडणार नव्हता. कित्येक महिने दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते, मिठाची बरणीसुद्धा नताशाच्या हातून इकडून तिकडे जायची. एकाच बाबतीत त्यांचं एकमत होतं: पोरीची स्पर्धा होऊ दे, मग तिकिटं काढू.

पण सरावात मात्र बोलावंच लागे.

"तुमच्या स्वातंत्र्यासाठी आम्ही जहाजं दिली, माणसं दिली," तेरेसा ताटाकडे बघत म्हणायची. "आता आम्ही अडचणीत, तर तुम्ही गप्प?"

"आणि तुमचा व्यापार कुणाशी चालतो? आमच्याशीच ना?" एडविन भिंतीला विचारायचा.

नताशा दोघांचं ऐकून घ्यायची आणि कुणालाच शब्द द्यायची नाही. "ऑनरेबल फ्रान्स, हे तुम्ही इंग्लंडला डायरेक्ट विचारा ना," असं म्हणून ती पाणी प्यायला उठायची.

मग फ्रान्स इंग्लंडला विचारू लागला. एकदा वाद चांगलाच पेटला आणि तेरेसा म्हणाली, "तुम्ही आमचं कधी ऐकूनच घेतलं नाही!"

एडविन तोंड उघडून थांबला. "बोल. ऐकतोय," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी अमेरिका बराच वेळ पाणीच पीत होती.

स्पर्धा दोनदा पुढे ढकलली गेली. एकदा परीक्षा आडवी आली, एकदा हॉल मिळेना. घरात कुणी कुरकुर केली नाही. पोरगी जिंकणार याबद्दल एडविनला तिळमात्र शंका नव्हती. तेरेसाने तिच्यासाठी निळा ड्रेस शिवून घेतला.

दोह्यात रविवारचा मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना, शुक्रवारीच, सुट्टीच्या दिवशी व्हायचा. एरवी एडविन सकाळी जायचा, तेरेसा संध्याकाळी. त्या शुक्रवारी तिघं एकत्र गेले. बाहेर पडताना नताशाच्या इतिहासाच्या शिक्षिका सिमोना मिस समोरून येताना दिसल्या. नताशा लगबगीने गाडीकडे पळाली.

"मिस, ट्रॉफी आमच्याच घरी येणार बरं का," एडविन म्हणाला. "तेवढी तारीख पक्की करा."

"कसली ट्रॉफी?" सिमोना मिस गोंधळल्या. "यंदा स्पर्धा ठेवलीच नाहीये शाळेने."

एडविन आणि तेरेसा गाडीत येऊन बसले. मागच्या सीटवर नताशा नखं कुरतडत होती.

"मिस काय म्हणाल्या?" तिने हळूच विचारलं.

एडविनने तेरेसाकडे पाहिलं.

"स्पर्धा पुढे ढकललीय," तेरेसा म्हणाली.